तांब्याचे भांडे चिंचेने उजळते, तेव्हा क्षपण होते का?

तांब्याचे भांडे काळवंडते ते ऑक्सिडीकरण (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणे) असेल, तर चिंचेने घासल्यावर ते उजळते त्याला क्षपण (म्हणजे उलट, इलेक्ट्रॉन मिळवणे) म्हणायचे का, असा आपला प्रश्न आहे. पहिला भाग बरोबर आहे. दुसरा बहुतांशी चूक आहे. काळा थर गेला आणि लालसर तांबे दिसू लागले, त्याअर्थी ऑक्साइडचे पुन्हा तांबे झाले, असा तर्क वर्गात अनेकदा ऐकू येतो. प्रत्यक्षात काळ्या थरातले तांबे मोरीतून वाहून गेलेले असते आणि आपल्याला दिसते ते त्याच्याखाली झाकलेले मूळचे तांबे.

हे नीट कळण्यासाठी अणूपासून सुरुवात करावी लागते. तांब्याचा अणुअंक 29 असून त्याचे इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी, 2, 8, 18, 1 अशी आहे. पोटॅशिअमच्याही बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, तरी पोटॅशिअम पाण्यात पडताच पेट घेते आणि तांब्याच्या हंड्यात मात्र आपण खुशाल पाणी भरून ठेवतो. याचे कारण असे की, तांब्याच्या केंद्रकात 19 ऐवजी 29 प्रोटॉन आहेत आणि आतल्या कवचात वाढलेले दहा इलेक्ट्रॉन या वाढीव आकर्षणाला पुरेसा आडोसा करू शकत नाहीत. त्यामुळे शेवटचा इलेक्ट्रॉन बराच घट्ट धरला जातो. तो काढायला पोटॅशिअमच्या बाबतीत मोलमागे सुमारे 419 किलोजूल, तर तांब्याच्या बाबतीत सुमारे 745 किलोजूल ऊर्जा लागते.

धातूच्या तुकड्यात हे बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे राहत नाहीत, ते सगळ्या स्फटिकभर मोकळे फिरतात. यालाच धातू बंध म्हणतात, आणि तांब्याची चकाकी व विद्युतवाहकता ही त्याचीच देणगी आहे. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरच्या अणूंचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो. प्रथम अणूमागे एक इलेक्ट्रॉन जाऊन तांबूस क्युप्रस ऑक्साइड तयार होते, पुढे दुसराही जाऊन काळे क्युप्रिक ऑक्साइड होते. (या ऑक्साइडांतला बंध निव्वळ आयनिक, म्हणजे इलेक्ट्रॉन पूर्ण देऊन-घेऊन झालेला, नसतो, त्यात सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेण्याचा, अंश बराच असतो, पण इलेक्ट्रॉनांचा हिशोब मांडण्यापुरता तो आयनिक धरला तरी चालते.) इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजेच ऑक्सिडीकरण, म्हणून इथपर्यंत आपले म्हणणे योग्यच आहे.

आता चिंच. चिंचेत टार्टारिक आम्ल असते. त्याचे हायड्रोजन आयन (आयन म्हणजे विद्युतभारित कण) ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी तयार करतात, आणि सुट्या झालेल्या तांब्याच्या आयनांना टार्टरेट आयन द्रावणात धरून ठेवतात. क्युप्रिक ऑक्साइडमध्ये तांब्याचा ऑक्सिडीकरण अंक, म्हणजे अणूने गमावलेल्या इलेक्ट्रॉनांचा हिशोब, +2 होता, द्रावणातही तो +2 च आहे. इलेक्ट्रॉन कोणी दिला नाही, कोणी घेतला नाही. ही आम्ल आणि आम्लारिधर्मी ऑक्साइड यांच्यातली साधी अभिक्रिया आहे.

वर ‘बहुतांशी’ म्हटले, ते क्युप्रस ऑक्साइडमुळे. ते आम्लात गेले की त्यातले निम्मे तांबे +2 होते आणि उरलेले निम्मे धातुरूपात परत येते. एकाच मूलद्रव्याचे एकाच वेळी ऑक्सिडीकरण आणि क्षपण होण्याचा हा सुरेख नमुना आहे, पण भांडे उजळण्यात त्याचा वाटा दुय्यम समजावा.

खात्री करून घ्यायची असेल, तर विजेच्या तारेतली सोललेली तांब्याची तार चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर काळी करावी, गार झाल्यावर काचेच्या पेल्यातल्या व्हिनेगरमध्ये चिमूटभर मीठ घालून बुडवावी आणि काळा थर सुटेपर्यंत तशीच ठेवावी. मग तार काढून त्याच द्रवात सँडपेपरने घासलेला लोखंडी खिळा सोडावा. काही वेळाने खिळ्यावर तांब्याचा लालसर मुलामा दिसू लागतो. काळ्या थरातले तांबे द्रवात उतरले होते, याचा हा पुरावा. आणि क्षपण पाहायचे असेल, तर ते इथे घडते, कारण लोखंडाने दिलेले इलेक्ट्रॉन घेऊन तांब्याचे आयन पुन्हा धातू झाले. प्रयोगातला द्रव अर्थातच फेकून द्यावा.

काळवंडलेल्या चांदीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यावरचा काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात ॲल्युमिनिअमच्या फॉइलला टेकवून ती ठेवली, की ॲल्युमिनिअमकडून इलेक्ट्रॉन मिळून सल्फाइडची पुन्हा चांदी होते. घासून चांदी झिजते, या पद्धतीत ती जागच्या जागी परतते. ‘उजळणे म्हणजे क्षपण’ हे वाक्य इथे खरे ठरते.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. नुसत्या सौम्य आम्लात तांबे विरघळत नाही, पण आम्लाबरोबर हवा असली की ऑक्सिडीकरण आणि विरघळणे दोन्ही चालू राहते. ताक, आमटी, लिंबाचे सरबत बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यात कळकते ते यामुळेच. कल्हई करताना तापल्या भांड्यात नवसागर टाकतात, तेही आधी हा ऑक्साइडचा थर काढण्यासाठी. थर राहिला तर कथील धातूला धरत नाही.