निवृत्तीनंतर गावी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वय ५४, नोकरी ठाण्यात. गुहागर तालुक्यात ३० गुंठे कातळाची जमीन आहे. साठीनंतर हापूसच्या बागेवर घर चालेल का?

घर चालेल असे धरू नका. १० बाय १० मीटरवर ३० गुंठ्यांत जेमतेम ३० कलमे बसतात. यंदा लावलीत तर तुमच्या साठीला पहिली फळे दिसतील, पण हिशेबात धरण्याजोगे पीक दहाव्या वर्षाच्या आसपास. शिवाय हापूस साधारण वर्षाआड धरतो. म्हणजे ही बाग पेन्शनला पर्याय नाही. तरीही लावायची असेल तर निवृत्तीची वाट पाहू नका, याच जूनमध्ये लावा.

एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डे एप्रिल-मेमध्येच काढून घ्या. कातळ फोडायला वेळ जातो, आणि अर्धवट खोल खड्ड्यात मूळ अडते. भरताना चांगली माती आणि शेणखत घाला. कलम जोडाच्या खाली फुटलेले धुमारे वरचेवर काढा. जोड पक्का झाला की त्यावरची प्लास्टिकची पट्टी सोडा, नाहीतर ती खोडात रुतते आणि कलम वाऱ्याने तिथेच मोडते.

मालक शहरात असतो तेव्हा बाग बहुतेक दोन कारणांनी जाते. भातकापणीनंतर गुरे मोकाट सुटतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला वणवा येतो. म्हणून आधी कुंपण करा, मग कलमे लावा. दरवर्षी डिसेंबरात बागेच्या कडेने गवत काढून मोकळा पट्टा ठेवा. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी घालायला गावातला माणूस ठरवून ठेवा, आणि त्याचा पगार खर्चात आजच धरा.

विहिरीला मेपर्यंत पाणी टिकत असेल तर घरालगतच्या मातीच्या जागेत नारळ लावा, साडेसात मीटर अंतरावर. मध्ये मिरी, जायफळ, दालचिनी घेता येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘लाखी बाग’ ती हीच. भाट्ये (रत्नागिरी) येथील नारळ संशोधन केंद्रात ती उभी आहे. रोपे घेण्याआधी एकदा पाहून या.

प्रश्न: सातबारा अजून आजोबांच्या नावावर, घरपट्टी काकांच्या नावावर. घर दुरुस्त करू का?

आत्ता नको. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. आधी मृत्यूचे दाखले जमवून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. वारसांत आत्यांची नावे लिहाच. ती गाळली की पुढे हरकत येते, फेरफार (नावबदलाची नोंद) तक्रारीत अडकतो आणि वर्षे जातात. नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप, त्यानंतर भूमी अभिलेखची मोजणी. कुणाला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. घर सामायिकच राहणार असेल, तर कौले-वाशांवर पैसे घालण्याआधी सगळ्यांची लेखी संमती घ्या.

हे काम नोकरीत असतानाच सुरू करा. थोरली पिढी हयात असताना सह्या मिळतात. ती गेली की एकाचे पाच वारस होतात.

प्रश्न: पीएफ-ग्रॅच्युइटीचे ४५ लाख मिळतील. कुठे ठेवू?

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाला कमाल ३० लाख. व्याज दर तिमाहीला मिळते, आणि ठेवताना असलेला दर पाच वर्षे बदलत नाही. पोस्टाच्या मासिक योजनेत एकट्याला ९, संयुक्त खात्यात १५ लाख. मात्र सगळे अडकवू नका. वर्षाचा घरखर्च आणि छपराची दुरुस्ती हाताशी ठेवा. पावसाच्या तोंडावर तो खर्च एकदम येतो.

आरोग्य विमा मात्र आत्ताच घ्या. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असतो, आणि कंपनीचा गट विमा बहुधा नोकरीबरोबर संपतो. केंद्राच्या आयुष्मान आरोग्य योजनेचे ५ लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न ठेवता मिळते ते सत्तरीनंतर. मधल्या दहा वर्षांची सोय आधीच करून ठेवा.

प्रश्न: यांनी गावी जायचे ठरवले आहे. माझी भिशी, वाचनालय, बहिणी सगळे डोंबिवलीत. मी तिथे काय करू?

ताई, हा प्रश्न ठरवण्याआधी विचारायला हवा होता, आणि अजूनही विचारता येतो. मे महिना किंवा गणपती पाहून निर्णय घेऊ नका. जुलैत सलग महिनाभर दोघांनी राहून पाहा. वीज जाते, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते, एसटीच्या फेऱ्या मोजक्याच. आठवड्यात तुम्ही जे जे करता ते कागदावर लिहा आणि त्यातले दहा किलोमीटरच्या आत काय मिळते ते तपासा. निम्मेही मिळत नसेल तर वाडीऐवजी चिपळूण, दापोली किंवा कुडाळसारख्या तालुक्याच्या गावी घर पाहणे योग्य. दवाखाना, वाचनालय, बाजार तिथे जवळ असतात.

स्कूटर आत्ताच शिका, नाहीतर बाहेर पडायला प्रत्येक वेळी यांच्यावर अवलंबून राहावे लागेल. यांनीही रोजचा एक वेळचा स्वयंपाक आजपासून करावा. निवृत्त एकच माणूस होतो असे नाही.

डोंबिवलीचा फ्लॅट दोन पावसाळे काढेपर्यंत विकू नका. भाड्याने द्यायचा तर ११ महिन्यांचा करार करा.