बेपत्ता वैमानिक सापडतो तेव्हा

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात हरवलेल्या अमेरिकन वैमानिकाची ओळख ऐंशी वर्षांनी पटल्याची बातमी वाचली. त्याला पाहिलेलं आता कोण उरलं असेल? मग नातेवाइकांना एवढं भरून का येतं?

उत्तर : बहुतेकदा ते रडतात ते त्याच्या आईसाठी. ‘बेपत्ता’ अशी तार घरी यायची आणि पुढे काहीच पत्ता लागला नाही, तर वर्षभरानंतर 1942च्या कायद्यानुसार सरकार त्याला मृत मानू शकायचं. पण नुसत्या कागदावर आईचा विश्वास कसा बसणार? कुठे कैदेत असेल, स्मृती गेली असेल, एक दिवस दारात उभा राहील. असा जीव टांगणीला लागलेल्या घरांत जी मुलं वाढली, त्यांच्या वाट्याला ते वाट पाहणंही आलं. काकाला कधीही न पाहिलेली पुतणी रडते ती म्हणून, आणि तो तिचा हक्कच आहे.

प्रश्न : बी-24सारख्या बॉम्बफेकी विमानात साधारण दहा जण असत. कोणते अवशेष कोणाचे, हे कसं कळतं?

उत्तर : आधी विमान ओळखतात. बेपत्ता विमानांच्या अहवालांत इंजिनांचे, मशीनगनचे क्रमांक लिहिलेले असत. मातीतून निघालेल्या गंजक्या तुकड्यावर तोच क्रमांक वाचता आला की विमान पक्कं. माणसाची ओळख मात्र दात, हाडं आणि डीएनए यांवरून, प्रत्येकाची वेगळी.

जुन्या हाडांत मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीच्या केंद्रकाबाहेरचा डीएनए, टिकण्याची शक्यता जास्त असते आणि तो आईकडून येतो. त्यामुळे या चाचणीला वैमानिकाची स्वतःची मुलगी चालत नाही, बहिणीची मुलगी चालते. आयुष्यभर वडिलांचा फोटो जपलेल्या मुलीला हे फार लागतं. तिला कारण नीट बसून समजावून सांगा. दुसऱ्या प्रकारच्या चाचणीत तिचाही नमुना उपयोगी पडू शकतो.

प्रश्न : विमान समुद्रात पडलं असेल तर?

उत्तर : दुसऱ्या महायुद्धापासूनच्या युद्धांतले अमेरिकेचे सुमारे 81 हजार जण आजही बेपत्ता आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक समुद्रात गेल्याचं मानलं जातं. काही सापडतात, बरेचसे सापडणार नाहीत. घरच्यांना हे स्पष्ट सांगावं.

प्रश्न : एकदा सापडला की दुःख संपतं का?

उत्तर : नाही. अमेरिकन कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी 1970च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस गेला की आहे हेच ठाऊक नसलं की शोक अडकून पडतो, हे त्यांनी दाखवलं. दुःखाचा कायमचा निकाल लागतो, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. मलाही नाही. सोक्षमोक्ष लागतो तो ‘असेल का?’ या प्रश्नाचा. अमेरिकन युद्धस्मारकांच्या भिंतींवर बेपत्तांची नावं कोरलेली असतात. एखादा सापडला तर नाव पुसत नाहीत, शेजारी छोटं कांस्यफूल बसवतात. मला ही पद्धत फार योग्य वाटते.

प्रश्न : एखादंच हाड मिळालं तर अंत्यविधी करावा का?

उत्तर : जरूर करावा. मात्र पुढे आणखी अवशेष ओळखले गेले, तर दर वेळी कळवायचं का, हे जवळच्या वारसाला विचारलं जातं. उत्तर देण्याआधी घरातल्या सगळ्यांशी बोला. एकाला प्रत्येक बातमी हवी असते, दुसऱ्याला पुन्हा तो फोन नको असतो.