पाठीला बाक आहे, जिम सुरू करू का?

नक्की कर. अमेरिकेचा पॉवरलिफ्टर लमार गँट याला स्कोलिओसिस (पाठीचा कणा बाजूला वाकणं) होता, तरी १९८५ साली त्याने स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं) मारली. तू मात्र हलक्या डंबेलने सुरुवात कर.

आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव, कॉब अँगल, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन, विचारून घे. ऑपरेशन होऊन पाठीत रॉड बसवलेले असतील तर सर्जन हो म्हणेपर्यंत बारला हात लावू नकोस.

- एका हाताचं रोइंग, गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल छातीशी धरून बैठक), प्लँक: पहिले काही महिने एवढंच पुरे. कमजोर बाजूने सुरू कर. ती जितके रेप्स करेल तितकेच दुसरीने.
- आरशात खांदे समान दिसावेत म्हणून अंग ओढूनताणून सरळ करू नकोस. मी वर्षभर हेच केलं, कंबर धरली.

व्यायामाने बाक जाईल अशी आशा धरू नकोस. ताकद नक्की येईल. स्नायू दुखले तर चालेल, पण पायात मुंग्या आल्या की तिथेच थांब आणि डॉक्टरांना सांग.