त्याच्या हातचा गणपती

प्रश्न: ताई, माझा मुलगा 23 वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे. 18 पूर्ण झाल्यावर विशेष शाळा सुटली, तेव्हापासून घरीच असतो. आमच्या भागातल्या एका गटाचे स्वयंसेवक दर शनिवारी चित्रकला, मातीकाम घेतात, तिथे यंदापासून पाठवते. तो खूश असतो. पण परवा त्याने आणलेला कागदावर रंगवलेला गणपती इतका रेखीव होता, की तो त्याच्या हातचा नाही हे मला दारातच कळलं. तिथल्या ताई म्हणाल्या, ‘थोडं फिनिशिंग आम्ही केलं, प्रदर्शनात ठेवायचंय ना.’ ही माणसं एक पैसा न घेता एवढं करतात. त्यांना बोलणं बरं दिसेल का?
– एक आई, सांगली

उत्तर: बोला. फिनिशिंगवाली ताई एके काळी मीही होते, म्हणून सांगते.

अशाच एका गटात मी 11 वर्षं शनिवार काढले. पहिल्या दिवाळीला कोऱ्या पणत्या आणल्या, रात्रभर पाण्यात भिजवल्या, उन्हात वाळवल्या आणि रंगवायला घेतल्या. एका मुलाने त्याची पणती एकाच अंगाने निळ्या ठिपक्यांनी भरली. दुसरं अंग कोरं. मला ते बघवेना. सगळे गेल्यावर मी तिथे सोनेरी वेल काढली. पुढच्या शनिवारी त्याने ती पणती उचलली, फिरवून पाहिली, माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, ‘तुझी.’ ती मी विकायला ठेवली नाही.

त्या ताईंवर राग धरू नका. प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते, हॉलचं भाडं भरलेलं असतं, आणि ‘अरेरे, बिचाऱ्यांनी केलंय’ म्हणून घेणारं गिऱ्हाईक कुणालाच नको असतं. म्हणून वस्तू देखणी करायची धडपड. जर्मनीच्या एरिक स्टेगमन यांनी 1956 मध्ये तोंडाने आणि पायाने रंगवणाऱ्या चित्रकारांचा संघ उभा केला. ते स्वतः तोंडात ब्रश धरून रंगवत. चित्रांची कार्डं विकून कमवायचं, दान नको, हा त्यांचा हिशेब. आता तोंडाने काढलेलं चित्र दुसऱ्या कुणी हाताने सुधारलं, तर त्या कार्डात उरलं काय?

जाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका, कामाचं बोला. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, बोटं आखूड. बारीक ब्रश धरून हात लवकर दमतो. ब्रशच्या दांड्याला फडकं गुंडाळा, नाहीतर सायकलची जुनी ग्रिप बसवा. कागद चारही कोपऱ्यांना टेपने टेबलाला चिकटवा. रंग बाहेर जातोय म्हणून जीव खालीवर होत असेल, तर त्याने काढलेल्या रेघेवरूनच फेव्हिकॉल फिरवून वाळू द्या. बोटाला उंचवटा लागतो. मदत करायची ती ब्रश टेकण्याआधी. नंतर हात लावायचा नाही.

आणि उपकाराचं ओझं बाळगू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कला आणि करमणूक हाही हक्कच धरलाय, कलम 29 बघा. विक्रीचे पैसे कुणाला जातात तेही मोकळेपणाने विचारा. आम्ही सामानाचा खर्च काढून उरलेले ज्याच्या-त्याच्या नावाच्या पाकिटात घालून देत असू. रक्कम चिमूटभर, पण एकाने ते पाकीट आठवडाभर उशीखाली ठेवलं होतं.

पुढच्या वेळी सोंड पानाबाहेर गेली तर गणपती तसाच मागून घ्या. आणि हो, भिंतीवर लावताना ती सोंड तुम्हीही खोडायला जाऊ नका. हा मोह आयांना ताईंपेक्षा जास्त होतो, मी पाहिलंय.