रंधा मशीन बसवताना : बोल्ट आवळण्याआधी

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक आहे. सुतारकामाची आवड जुनी, म्हणून घरामागच्या पडवीत छोटी कार्यशाळा उभारली आणि गेल्या महिन्यात १२ इंची सरफेस प्लेनर, म्हणजे आपले रंधा मशीन, नवे घेतले. मशीन ओतीव लोखंडाचे असून वजन सुमारे ३५० किलो आहे. विक्रेत्याच्या माणसाने पडवीतल्या शहाबादी फरशीला भोके पाडून चारही पायांना फास्टनर मारले, बोल्ट घट्ट आवळले, टेबलावर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्यभागी असल्याचे दाखवले आणि तो गेला. प्रत्यक्षात फळी रंधली की शेवटच्या तीन-चार इंचांत खड्डा पडतो, आणि दोन फळ्यांच्या रंधलेल्या कडा एकमेकींना भिडवून खिडकीसमोर धरल्या तर फटीतून उजेड दिसतो. मशीन सदोष समजून परत करावे का?

उत्तर : परत करण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपण लिहिलेली दोन्ही लक्षणे मशीन चुकीचे बसवल्याने येऊ शकतात, आणि चूक कुठे झाली असावी हे आपल्याच पत्रात आहे : पाय जमिनीला नीट टेकले आहेत की नाहीत हे न पाहता बोल्ट घट्ट आवळले गेले. ओतीव लोखंड कितीही जाडजूड दिसले तरी ते पिळले जाते. चारपैकी एक पाय अर्धा मिलिमीटर अधांतरी असेल आणि त्याच पायाचा बोल्ट लांब पान्याने आवळला, तर फरशी वर येत नाही. पाय खाली ओढला जातो आणि त्याच्यासोबत वरच्या टेबलाचा कोपराही ओढला जातो. तिपाई कोणत्याही जमिनीवर डुलत नाही, चार पायांचे टेबल मात्र हमखास डुलते. जड मशीन डुलताना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

पाणसळीवर या कामी विसंबता येत नाही. बुडबुडा मध्यभागी असणे आणि अलीकडचे (फळी पात्यांकडे लोटायचे) व पलीकडचे (रंधलेली फळी जिच्यावर येते ते) टेबल एका प्रतलात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सबंध मशीन एका अंगाला किंचित कलते असले तरी त्यावरून फळी सरळ निघते. टेबलांमधला पीळ मात्र सुताच्या (सूत म्हणजे साधारण तीन मिलिमीटर) दहाव्या हिश्श्याएवढा असला तरी लांब फळीवर दिसतो. मी स्वतः पहिले मशीन बसवले तेव्हा अशीच चूक केली होती आणि दोन महिने पात्यांना दोष देत राहिलो. त्यात वाया गेलेल्या सागाच्या फळ्यांचे मला आजही वाईट वाटते, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

प्रथम मेन स्विच बंद करून मशीनचा प्लग काढावा आणि तो डोळ्यांसमोर राहील असा ठेवावा. चारही बोल्ट पूर्ण ढिले करावेत. वहीच्या कागदाची पट्टी, जिची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, प्रत्येक पायाखाली सारून पाहावी. ज्या पायाखाली ती सहज सरकेल तो पाय अधांतरी आहे. त्याखाली पितळेच्या किंवा लोखंडी पत्र्याचे तुकडे पॅकिंग म्हणून घालत जावे आणि चारही पायांखाली कागद सारखाच धरला जाईपर्यंत थांबू नये. लाकडी पाचर किंवा पुठ्ठा वापरू नये. दोन्ही वजनाने दबतात आणि पावसाळ्यात फुगतात.

त्यानंतर दोऱ्याची परीक्षा घ्यावी. दोन्ही टेबले एका उंचीवर आणून कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दंडगोल, हाताने असा फिरवावा की एकही पाते सर्वांत वर राहणार नाही. टेबलांच्या चार टोकांच्या कोपऱ्यांवर एकाच प्रकारची चार नाणी ठेवावीत आणि त्यांवरून दोन बारीक, मजबूत दोरे कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात असे तिरपे ताणून बांधावेत. मध्यभागी दोरे एकमेकांना जेमतेम शिवले पाहिजेत. खालचा दोरा वर घेऊन पुन्हा पाहावे. एकदा फट आणि एकदा दाब दिसला तर टेबलांत पीळ आहे असे समजावे. दोरे तसेच राहू देऊन डोळा त्यांच्या छेदापाशी न्यावा आणि मदतनिसाला एकेक बोल्ट पाव-पाव फेरा आवळायला सांगावे. ज्या बोल्टाच्या फेऱ्याबरोबर वरचा दोरा केसभर उचलला जाईल किंवा खालच्यावर दबेल, त्याच पायाखालचे पॅकिंग अजून चुकलेले आहे. बोल्ट आवळूनही दोरे जागचे हलत नाहीत, तेव्हा मशीन बसले. एवढ्या वजनाचे मशीन हाताने सरकवलेल्या लाकडाच्या रेट्याने हलत नाही. बोल्ट त्याला जागेवरून सरकू न देण्यापुरते असतात, म्हणून ते हलकेच आवळलेले पुरेत.

ढिल्या बोल्टांवर, सगळे पाय नीट टेकलेले असतानाही दोऱ्यांत फरक राहिला, किंवा लांब सरळ पट्टी दोन्ही टेबलांवर मिळून ठेवल्यावर तिच्याखाली फिलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पातळ पाती सहज जाऊ लागली, तर मात्र दोष टेबले ज्यांवर वर-खाली सरकतात त्या सरकपट्ट्यांत असू शकतो. त्या वेळी विक्रेत्याला बोलावून हीच परीक्षा त्याच्यासमोर करून दाखवावी.

फळीच्या शेवटी पडणारा खड्डा वेगळा तपासावा. पलीकडचे टेबल पात्यांच्या टोकापेक्षा खाली असले, की फळीचे मागचे टोक अलीकडच्या टेबलावरून सुटताक्षणी ती खाली बसते आणि पाते तिथे जास्त लाकूड खाते. ते टेबल पात्यांपेक्षा वर असले, तर रंधलेले टोक त्याच्या कडेला अडते किंवा फळी उचलली जाऊन रंधा पुढे पुढे उथळ होत जातो. दोन्ही बाजूंनी सरळ केलेली लाकडी पट्टी पलीकडच्या टेबलावर अशी ठेवावी की तिचे टोक कटर ब्लॉकवर येईल, तिच्यावर टेबलाच्या कडेपाशी पेन्सिलीने खूण करावी आणि ब्लॉक हाताने सावकाश फिरवावा. पाते पट्टीला अलगद धरून साधारण एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर पुढे नेईल, तेव्हा टेबलाची उंची योग्य समजावी. प्रत्येक पात्याची अशी परीक्षा दोन्ही टोकांना आणि मध्यभागी करावी. तीन पात्यांपैकी एकच पाते पट्टीला पुढे नेत असेल, तर सगळे काम ते एकटेच करते आहे आणि बाकीची दोन नुसती फिरत आहेत. पाती बदलल्यावर किंवा हलवल्यावर त्यांचे स्क्रू थोडा वेळ मशीन चालवून, पुन्हा प्लग काढून एकदा तपासावेत.

शहाबादी फरशीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. तिच्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खाली मालाचा थर नाही, आणि तिथला फास्टनर भोवतालच्या फरशीसह आज ना उद्या उचकटतो. मशीनच्या पायाच्या चारही बाजूंना वीतभर जास्त जागेतली फरशी काढून, मुरूम नीट धुमसून, त्यावर सहा इंचांचा काँक्रीटचा चौथरा करावा. काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांनी येते असे धरतात; तेवढे दिवस निघत नसतील तर निदान पहिला आठवडाभर त्यावर पाणी मारावे आणि मशीन त्यानंतरच चढवावे.

चौथरा नव्याने करायचाच आहे, तर जागाही नव्याने ठरवावी. आठ फुटांची फळी रंधायला मशीनच्या आधी आठ फूट आणि नंतर आठ फूट मोकळे लागतात. पडवी तेवढी लांब नसेल तर मशीन दाराच्या ओळीत ठेवावे, म्हणजे लांब फळीचे टोक अंगणात जाऊ शकेल. मशीन हलवताना पहारीने एकेक बाजू उचलून खाली ठोकळे द्यावेत आणि एक इंची पाइपांवरून ते लोटत न्यावे. टेबलांना धरून ते कदापि उचलू नये, कारण ज्या जोडावर सगळी अचूकता अवलंबून आहे त्याच जोडावर तेव्हा सगळे वजन येते.

प्रश्न : असेच ३ अश्वशक्तीचे मशीन मला नाशिकच्या घरी बसवायचे आहे. घरात सिंगल फेज वीज आहे. पॉवर प्लगवर ते चालेल का, की थ्री फेज घ्यावे?

उत्तर : १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. त्या हिशेबाने ३ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण १५ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. घरगुती १६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा तिथेच संपते. तेवढ्याच शक्तीची थ्री फेज मोटर प्रत्येक फेजमधून पाच अँपिअरच्या आसपासच घेते आणि सुरूही गुळगुळीत होते, म्हणून मंजूर भार वाढवून थ्री फेज जोडणीसाठी महावितरणकडे अर्ज करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. सिंगल फेजच ठेवायचे असल्यास मीटरपासून स्वतंत्र जाड तांब्याची वायर, मोटरसाठी योग्य एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच) आणि खात्रीचे अर्थिंग ही कामे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावीत.

दोन्ही प्रकारांत ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आल्यास ती बंद करणारा) आणि नो-व्होल्ट कॉइल (वीज गेल्यावर स्टार्टर सोडवणारी) असलेला स्टार्टर लावावाच. वीज गेल्यावर आपण पाती तपासायला हात घालावा आणि वीज परत येताच मशीन आपोआप फिरू लागावे, ही शक्यता आपल्याकडे रोजची आहे. ही कॉइल तेवढ्यासाठीच असते, आणि ती असली तरी प्लग काढल्याशिवाय पात्यांजवळ हात नेऊ नये. थ्री फेज मोटर पहिल्यांदा चालवताना व्ही-बेल्ट उतरवून नुसती मोटर फिरवून दिशा पाहावी. उलटी फिरत असेल तर इलेक्ट्रिशियन दोन फेजची अदलाबदल करून देईल.

प्रश्न : आमची कार्यशाळा दापोलीजवळ आहे. नवे रंधा मशीन येणार आहे. खाऱ्या दमट हवेत टेबले गंजू नयेत म्हणून काय करावे?

उत्तर : कारखान्यातून आलेले ग्रीस रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसून, टेबले कोरडी होताच त्यांवर मशीन ऑइलचा अगदी पातळ हात द्यावा आणि तेही पुसून घेऊन घट्ट मेण चोळावे. मेणाने गंज थांबतो आणि फळीही हलकी सरकते. सिलिकोन असलेले फवारे वापरू नयेत. ते लाकडाला लागते आणि पुढे त्या जागी पॉलिश धरत नाही. पावसाळ्यात मेणाचा हात दर पंधरवड्याला द्यावा.

मशीनवर प्लॅस्टिक घालू नये, त्याखाली वाफ धरते. जाड सुती चादर चांगली. भुसा हवेतली ओल शोषून धरतो, म्हणून रोज संध्याकाळी टेबले आणि कटर ब्लॉकभोवतीची जागा ब्रशने झाडून घ्यावी. त्या वेळी नाकावर चांगला मास्क असावा : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. आणि ओली फळी, विशेषतः बाभळीची किंवा खैराची, टेबलावर रात्रभर राहू देऊ नये. त्या लाकडातला तुरट रस लोखंडाशी मिळून फळीवर आणि टेबलावर असे काळे डाग पाडतो, की टेबलावरचे घासून काढताना त्याचा गुळगुळीतपणाही जातो.