अंतर्गत गुणवत्ता ऑडिटमध्ये कामगाराचे तोंडी उत्तर पुरावा म्हणून चालते का?

चालते, परंतु ते नोंद, प्रत्यक्ष निरीक्षण किंवा मोजमाप यांपैकी कशाशी तरी पडताळून घेतल्यावरच. कारण ज्या माहितीची काही प्रमाणात तरी पडताळणी शक्य आहे तीच पुरावा म्हणून स्वीकारावी, असे आयएसओ १९०११:२०१८ हे ऑडिटविषयक मार्गदर्शक मानक सांगते. ऑपरेटर ‘व्हर्नियर (लांबी-जाडी मोजण्याचे साधन) कॅलिब्रेट केलेला आहे’, म्हणजे त्याची अचूकता तपासलेली आहे, असे म्हणाला, तर त्याच्या हातातल्याच व्हर्नियरवरचा ओळख क्रमांक वाचावा, स्टिकरवरील मुदत पाहावी, दोन्ही प्रमाणपत्राशी जुळवावे आणि तो क्रमांक टिपणात लिहावा. कपाटातून काढून दाखवलेला दुसरा व्हर्नियर येथे उपयोगाचा नाही. मात्र आयएसओ ९००१:२०१५ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे मानक प्रत्येक कामाची लेखी नोंद मागत नाही, त्यामुळे केवळ कागद नाही म्हणून त्रुटी काढू नये. अशा ठिकाणी काम चालू असताना पाहावे आणि दोन-तीन कामगारांना स्वतंत्रपणे विचारावे.