उत्तरांच्या पानात अडकवलेला अंगठा

"मॅडम, सोल्यूशन वाचलं की सगळं कळतं, पण पुस्तक मिटून स्वतः करायला बसलो की पहिली एन्ट्रीच सुचत नाही. हा विषय माझ्या डोक्यात जाणारच नाही का?"

हा प्रश्न मला दर परीक्षेच्या आधी कोणी ना कोणी विचारतंच, शब्द थोडे इकडेतिकडे असतात एवढंच. (एन्ट्री म्हणजे एखाद्या व्यवहाराची हिशेबाच्या वहीतली नोंद.) ज्यांना अकाउंट्स आणि फायनान्स आयुष्यात पहिल्यांदाच आहे ते तर हमखास विचारतात. म्हणून आज एकाची गोष्ट सांगते, त्याला विचारूनच सांगतेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय सव्वीस, इंजिनिअरिंग झालेलं, चार वर्षं नोकरी करून मॅनेजमेंटला आलेला. मी सुरुवातीला तुम्ही म्हणत होते तर तोच म्हणाला, अहो मॅडम तू म्हणा. गणितात शाळेपासून पुढे. आणि आता वर्गात कॉमर्सची मुलं प्रॉब्लेम वाचतावाचता एन्ट्री लिहून मोकळी होतात आणि हा अजून "उधारीवर माल विकला" या एका ओळीवर अडकलेला असतो. त्याला त्रास त्या ओळीचा कमी होत होता, लाज जास्त वाटत होती. वर्गात हात वर करून विचारणं त्याने कधीच बंद केलं होतं, कारण एवढं साधं कसं विचारायचं.

पहिल्या भेटीत मी ही सरळ परीक्षेची भीती समजले. श्वासाचे व्यायाम दिले, झोपेचं बघितलं, नेहमीचं सगळं. दोन आठवड्यांनी आला तेव्हा झोप सुधारली होती पण एन्ट्री तिथेच. तेव्हा मी म्हटलं, वही आण बघू. हे मी पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं, आता कोणी अभ्यासाची तक्रार घेऊन आलं की मी आधी वही मागते.

वही सुंदर होती. जवळजवळ सत्तर प्रॉब्लेम सोडवलेले, पट्टीने आखलेले रकाने, सगळी उत्तरं बरोबर आणि एवढ्या पानांत एकही खाडाखोड नाही. ते बघूनच मला शंका आली. मी म्हटलं, इथेच एक करून दाखव, आणि त्याच्याच पुस्तकातला सोपा काढला: वर्षाचे ९ महिने झाल्यावर धंद्याने १२,००० भरून पुढच्या बारा महिन्यांचा विमा काढला, वर्षअखेरीला काय दाखवाल? त्याने पुस्तक उघडलं, आणि प्रॉब्लेम वाचायच्या आधीच त्याचा डावा अंगठा मागच्या पानांत जाऊन बसला, जिथे उत्तरं असतात. त्याला कळलंसुद्धा नाही. तो वाचायचा, एक ओळ लिहायचा, अंगठ्याने पान उचलून बघायचा, पुढची ओळ लिहायचा. मी पुस्तक काढून घेतलं तर त्याने पूर्ण १२,००० खर्चात टाकले आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, "आता बघू का उत्तर?"

म्हणजे सत्तर प्रॉब्लेम त्याने सोडवलेच नव्हते, सत्तर सोल्यूशन्स लक्ष देऊन वाचली होती. आणि यात फसवणूक वगैरे काही नाही हां, तो रोज तीन तास प्रामाणिकपणे बसत होता. समोर सोल्यूशन असलं की प्रत्येक ओळ पटते, आणि पटलं म्हणजे आलं असं आपल्याला आतून वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते पुन्हापुन्हा वाचले आणि काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. त्याच्या रोजच्या रात्री आणि त्याची परीक्षा यांच्यात हेच होत होतं. रात्री सगळं येतंय असं वाटायचं, पेपरात काही नाही.

पण नुसती पद्धत बदलून भागलं नसतं, कारण त्याच्या डोक्यात मुळातच एक गाठ होती. विम्याचा प्रॉब्लेम मी त्याला एन्ट्री बाजूला ठेवून साध्या बोलण्यात विचारला, की बाबा वर्ष संपायला किती महिने उरलेत? तीन. मग या वर्षात विमा किती वापरला? तीन महिन्यांचा, म्हणजे ३,०००. आणि उरलेले ९,०००? "ते पुढच्या वर्षाचे आहेत, म्हणजे आपलं अजून येणं आहे." झालं की! येणं आहे म्हणजे मालमत्ता, ताळेबंदात डावीउजवी जी बाजू पुस्तकात असेल तिथे मालमत्तेत बसवा. ही समज त्याला होतीच, त्याला अडवत होते ते डेबिट आणि क्रेडिट हे दोन शब्द.

मी विचारलं, डेबिट म्हणजे काय वाटतं तुला? तो लगेच म्हणाला, वजा. मोबाईलवर बँकेचा मेसेज येतो ना, खातं डेबिट झालं, म्हणजे पैसे गेले. आणि पुस्तक सांगतं रोख आली की रोख खातं डेबिट करा. मग जे आलं ते वजा कसं? बिचारा दोन महिने या दोन वाक्यांच्या मध्ये लटकत होता आणि कोणाला विचारत नव्हता.

मला वाटतं हे पहिल्याच तासाला सांगायला हवं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. बँक तो मेसेज तिच्या वहीतून पाठवते. तुम्ही बँकेत पैसे ठेवलेत म्हणजे बँक तुमचं देणं लागते, तिच्या वहीत तुम्ही देणेकरी नाही, धनको आहात, म्हणजे ज्याचं येणं आहे तो, आणि देणं वाढलं की क्रेडिट. तुम्ही पैसे काढले की तिचं देणं कमी झालं, म्हणून डेबिट. तुमच्या स्वतःच्या वहीत मात्र बँकेतले पैसे ही तुमची मालमत्ता, ती वाढली की डेबिट. एकच व्यवहार, दोन वह्या, म्हणून उलटा दिसतो. डेबिट म्हणजे अधिक पण नाही आणि वजा पण नाही, खात्याची एक बाजू आहे फक्त, आणि कुठल्या खात्यात त्या बाजूने वाढ होते ते खातं कसलं आहे त्यावर ठरतं. मालमत्ता आणि खर्च वाढले तर डेबिट, देणी, भांडवल आणि उत्पन्न वाढलं तर क्रेडिट. हे ऐकून तो जवळजवळ मिनिटभर गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग हे समीकरणच आहे की, मालमत्ता बरोबर देणी अधिक भांडवल." मी म्हटलं, अरे ही पद्धत पहिल्यांदा सविस्तर छापून मांडली तीच मुळी एका गणितज्ञाने, लुका पाचोलीने, १४९४ साली व्हेनिसमध्ये, आणि तीसुद्धा गणिताच्या ग्रंथात. तू परक्या गावात नाहीयेस. त्या दिवशी पहिल्यांदा तो खुर्चीत मागे टेकून बसला.

मग आम्ही ठरवलं की दिवसाला चारच प्रॉब्लेम करायचे, उत्तरांच्या पानांना रबरबँड लावायचा, आणि एन्ट्री लिहायच्या आधी काय घडलं ते एका साध्या वाक्यात लिहायचं. "यंत्र आलं, रोख गेली." "माल गेला, गिऱ्हाईकाकडून येणं वाढलं." बस, एवढंच, डेबिट क्रेडिट नंतर. आणि चूक झाली तर खोडायची नाही, बाजूला लाल पेनने लिहायचं की त्या वेळी मी काय समजलो होतो. बरोबर उत्तर लिहायचं नाही बरं का, ते पुस्तकात आहेच, आपल्याला हवं ते चुकताना डोक्यात काय चाललं होतं ते.

पहिला आठवडा त्याला अजिबात आवडला नाही. पंधरावरून चारवर आलो, मागे पडतोय, वही घाण दिसते. आणि मग हा पठ्ठ्या दुसऱ्या टोकाला गेला, सोल्यूशन बघायचंच नाही म्हणून एका प्रॉब्लेमवर तीन तास बसला आणि रडकुंडीला आला. हेही नको. नवशिक्या माणसाला सोडवून दाखवलेलं उदाहरण लागतंच, त्यातूनच तो शिकतो, स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्येच बीजगणित शिकणाऱ्यांवर हे दाखवलंय. प्रश्न फक्त कधी आणि किती बघायचं याचा आहे. मी त्याला सांगितलं की नवीन प्रकार असेल तर आधी एक पूर्ण सोल्यूशन वाच, प्रत्येक ओळीला का म्हणून विचार, मग तसाच दुसरा न बघता कर, आणि पंधरा-वीस मिनिटं खरंच डोकं चालवून अडलास तर सोल्यूशनवर कोरा कागद ठेवून एकच ओळ खाली सरकव. एकच. पुढचं परत तुझं.

चौथ्या आठवड्यात रात्री त्याने मला एक फोटो पाठवला, ट्रायल बॅलन्स, म्हणजे आपली तेरीज, सगळ्या खात्यांच्या डेबिट आणि क्रेडिट बाकींची यादी, जिच्या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी, आणि खाली लाल पेनने गोल केलेला फरक ५४०. आधी असं झालं की तो सरळ मागून बरोबर तेरीज उतरवून घ्यायचा. या वेळी शोधत बसला होता. मी त्याला दोन जुन्या युक्त्या सांगितल्या होत्या, ज्या हाताने वह्या लिहिणाऱ्या लोकांना पाठ असतात. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत का बघ, आणि फरकाची निम्मी रक्कम वहीत कुठे दिसते का बघ, दिसली तर ती चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते. ५४० ला ९ ने भाग जातो. त्याने एकेक रक्कम तपासली आणि सापडलं, २,७१० च्या जागी २,१७० उतरवले होते. फोटोखाली फक्त एवढंच लिहिलं होतं, "सापडलं!!!" मला खूप आनंद झाला, खरंच. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याने चूक लपवायच्या ऐवजी दाखवली होती.

पुढच्या भेटीत मी त्याला जरा धक्का दिला कारण तेरीज जुळली की झालं असं तो धरून चालला होता. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च चुकून यंत्र खात्यात टाकला तर तेरीज जुळेल का? जुळेल, दोन्ही बाजू सारख्याच. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तर? तरी जुळेल. नफा मात्र चुकलेला असू शकतो. तो चिडलाच, "मग भरवसा कशावर ठेवायचा?" फार चांगला प्रश्न आहे हा. मी म्हटलं, तू लिहितोस ना ते साधं वाक्य, त्याच्यावर ठेव. दुरुस्ती केल्याने यंत्र पूर्वीसारखं चालायला लागलं, नवीन काही आलं नाही, म्हणून खर्च. तेच यंत्र आणताना दिलेलं भाडं आणि बसवायची मजुरी मात्र यंत्राच्या किमतीत जाते, कारण त्याशिवाय यंत्र चालूच झालं नसतं. हे तेरजेला कळत नाही, तुला कळतं.

फायनान्समध्ये त्याचं दुखणं उलटं होतं. तिथे सूत्रं आहेत म्हणून तो खूश, आकडे घालायचा आणि उत्तर काढायचा, वाचायचाच नाही. आज १०,००० गुंतवले, पुढची दोन वर्षं वर्षअखेरीला ६,००० येणार, दर १०%, एनपीव्ही (म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा आज घातलेले पैसे) काढा. त्याचं उत्तर साधारण १,३२२ आलं. खरं उत्तर साधारण ४१३ आहे. आज दिलेल्या १०,००० लासुद्धा त्याने एका वर्षाचा डिस्काउंट लावला होता, म्हणजे ते वर्षभराने द्यायचे असल्यासारखे कमी केले होते. मी काही समजावलं नाही, नुसती एक आडवी रेघ काढून दिली आणि म्हटलं आज कुठे आहे ते दाखव. पेन ठेवलं आणि लगेच हसला. त्यानंतर रेघ काढल्याशिवाय त्याने असा प्रॉब्लेम केला नाही.

मध्ये एक वाईट आठवडा पण आला, वर्गातल्या चाचणीत पन्नासपैकी एकोणीस, आणि परत तेच, हा विषय माझा नाही. आम्ही ती उत्तरपत्रिका सोबत बसून बघितली. गेलेल्या मार्कांपैकी बहुतेक अ‍ॅडजस्टमेंटचे होते, म्हणजे वर्षअखेरीला हिशेबात कराव्या लागणाऱ्या फेरफारांचे, आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट, त्याने एक परिणाम लिहिला होता आणि दुसरा राहिला होता. घसारा, म्हणजे वापराने यंत्राची कमी झालेली किंमत, नफ्यातोट्यात दाखवला पण यंत्रातून कमी केला नाही, असं. म्हणजे विषय येत नाही हे खरं नव्हतं, एक ठरावीक गोष्ट राहत होती. पुढे तो प्रश्नपत्रिकेतच प्रत्येक अ‍ॅडजस्टमेंटसमोर दोन टिंबं काढायचा, एकेक परिणाम लिहून झाला की टिंबावर काट.

सत्राच्या पेपरला त्याचा ताळेबंद जुळला नाही. १,८०० चा फरक. पूर्वीचा तो असता तर तिथेच घामाघूम होऊन उरलेला पेपर घालवला असता, या वेळी फरक सस्पेन्स खात्यात, म्हणजे न सापडलेला फरक तात्पुरता ठेवायच्या खात्यात, टाकून पुढच्या प्रश्नाकडे वळला आणि पेपर पूर्ण केला. जिना उतरताना मला फोन केला. "मॅडम, १,८०० चे निम्मे ९००. द्यायची राहिलेली मजुरी ९०० होती, ती मी देण्यात दाखवायची तर मालमत्तेच्या बाजूला टाकून आलोय."